हात कोणी ठेवला?

आमच्या शेजारच्या काकांनी उभ्या आयुष्यात चौकशी केल्याशिवाय कोणाचाही अधिकार मान्य केला नाही. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे ही चौकशी मी वर्षानुवर्षं जवळून पाहिली आहे. दातांचा डॉक्टर असो की गाडीचा मेकॅनिक, काका आधी विचारणार, "तुम्हाला हे कोणी शिकवलं? आणि त्यांना कोणी?" दोन पिढ्यांपर्यंत उत्तर मिळालं तरच तोंड उघडणार किंवा गाडीची किल्ली देणार. आमच्याकडे एकदा सत्यनारायणाला गुरुजी आले होते, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर करणारे. काका प्रसाद घेत नसत. नैवेद्याच्या आधी वाटीभर शिरा मी त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवायची आणि त्याला त्यांची हरकत नसे. ती वाटी हातात घेऊन त्यांनी गुरुजींना तोच प्रश्न केला. गुरुजी प्रामाणिक होते. "व्हिडिओ बघून शिकलो, काका," म्हणाले. काकांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "बाई, तुमचा देव हे चालवून घेतो?" मी म्हटलं, "इथे मिळतंय ते घ्यावं लागतं." हे उत्तर त्यांना आयुष्यात पटणारं नव्हतं. माझी पुरणपोळी मात्र सासूबाईंकडून आली आणि त्यांच्याकडे त्यांच्या आत्याकडून, हे कळल्यावर काकांनी निर्वाळा दिला. "परंपरा शुद्ध आहे. वेलदोडा जास्त झालाय."

काका नगरचे ख्रिस्ती, बिशप असलेल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. नोकरीत त्यांनी कारखान्यांतल्या क्रेन तपासल्या. त्यामुळे धर्माचा विचारही त्यांनी साखळीनेच केला. ख्रिस्ताने प्रेषितांना, म्हणजे आपल्या बारा शिष्यांना, अधिकार दिला, प्रेषितांनी आपल्यामागे येणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवले, त्यांनी पुढच्यांच्या. हाताखाली डोकं, त्या डोक्याचा हात पुढच्या डोक्यावर, असं थेट आजच्या बिशपपर्यंत. मधली एक कडी तुटली की खालचं सगळं ओझं जमिनीवर. पेत्रानंतर लीनस, मग क्लेटस, मग क्लेमेंट, ही रोमची नावं ते थंडीत बर्फ उपसताना फावड्याच्या तालावर म्हणत. क्लेमेंटशी आमचं कुंपण यायचं. पुढचे बिशप मला आजही येत नाहीत.

हे ज्ञान ते स्वतःपुरतं ठेवत नसत, ही खरी अडचण. इथल्या महाराष्ट्र मंडळात अध्यक्षपदावरून भांडण लागलं, तेव्हा काका भर सभेत उठले आणि म्हणाले, "चिठ्ठ्या टाका. यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा मत्थियाला प्रेषितांनी असंच निवडलं." उपाय सगळ्यांना आवडला. मावळत्या अध्यक्षांनी घरी जाऊन यहूदा कोण ते शोधलं, तो ख्रिस्ताला धरून देणारा निघाला, आणि त्यानंतर ते काकांशी बोलले नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी, रूथ, इथेच जन्मली, वकील होईल असं सगळ्यांना वाटत होतं आणि ती पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू झाली. दुसरा बाप पेढे वाटता. काकांनी चौकशी केली. रूथच्या मंडळीत बिशप आहेत, पण चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात कुठेतरी ती साखळी तुटली, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तिच्या दीक्षेला ते सूट घालून गेले. पाळक तिच्याभोवती जमले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले, आणि काका सर्वांत मागच्या बाकावर बसून राहिले. तिच्या हातून त्यांनी प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षारस घेतला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दर थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या साक्षीने वाद व्हायचा. रूथ म्हणायची, "बाबा, पहिल्या शंभर वर्षांत बिशप आणि एल्डर ऑलमोस्ट सेम होते. तुमची ती नावं लोकांनी नंतर लावली. हू टच्ड हूम, नोबडी नोज."

"मग तुझ्यावर ज्यांनी हात ठेवले, ते कोणाच्या जिवावर?"

"सेम स्पिरिट, बाबा."

"स्पिरिटला पावती नसते," काका म्हणायचे.

एकदा काकू बटाटे वाढता वाढता म्हणाल्या, "ख्रिस्ताची कबर रिकामी आहे हे प्रेषितांना सांगितलं कोणी? बाईनेच ना? तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, तुझ्या डोक्यावर हात कोणी ठेवला म्हणून."

"बाई असण्याला माझी हरकतच नाही," काका म्हणाले. "हरकत कडीला आहे."

"हो. कडी नेमकी लेकीपाशीच दिसली," काकू म्हणाल्या, आणि काकांच्या ताटात एक बटाटा कमी पडला.

गेल्या वर्षी काकूंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी हॉस्पिटलची गरज नाही म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांना उठवून चालायला लावणं हा माझा धंदा. काकूंना फक्त कूस बदलायला लावणं उरलं होतं, ते मी रोज जाऊन करायची. रूथ सुट्टी घेऊन आली होती. काकूंची एकच इच्छा होती, शेवटचं प्रभुभोजन मराठीत मिळावं. काकांनी लगेच शिकागोला फोन लावला. तिथे नगरकडचे एक पाळक आहेत, त्यांची साखळी काकांनी पूर्वीच तपासलेली. ते यायला तयार झाले. काका त्यांना आणायला स्वतः विमानतळावर गेले आणि तिथून त्यांचा फोन आला की विमान लेट आहे.

काकूंनी फोनवरचं ऐकलं. मग म्हणाल्या, "रूथ, तू दे."

"आई, बाबा विल बी—"

"बाबांचं मी बघते. तू दे."

रूथने स्वयंपाकघरातून पावाचा तुकडा आणला, छोट्या पेल्यात द्राक्षारस घातला. मराठी प्रार्थना तिने फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतली होती. म्हणजे तिने तयारी केली होती, कोणी मागेल याची वाट न बघता. वाचताना ती अडखळली, घाईघाईने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. काकू म्हणाल्या, "सावकाश. मला कुठे जायचंय?" मी उशी सरळ धरून उभी होते. बाकी मी काही केलं नाही.

काका पाळकांची बॅग घेऊन आत आले तेव्हा पेला अजून टेबलावरच होता. त्यांनी तो पाहिला. काकू म्हणाल्या, "माझं झालं. पाळकसाहेबांना चहा द्या." पाळक शहाणे होते. त्यांनी चहा घेतला, एक छोटी प्रार्थना केली आणि कोणालाही काही विचारलं नाही. काका बॅग धरूनच उभे होते.

काकू त्याच आठवड्यात गेल्या. अंत्यविधी शिकागोच्या पाळकांनी केला. रूथ पांढरी साडी नेसून नातेवाइकांच्या बाकावर बसली. नंतर एका दुपारी काकांनी मला पायरीवर थांबवलं.

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

"रूथचा हात कापत होता?"

"नाही. काकूंचा कापत होता. रूथने तो धरला होता."

"मराठीत सगळं म्हणाली?"

"सगळं. अडखळली, पण सोडलं काही नाही."

"मी विमानतळावर साखळी आणायला गेलो होतो," काका म्हणाले. मी त्यांना औषधं घेतली का ते विचारलं.

महिन्याभराने त्यांनी विचारलं, "रविवारी रूथच्या चर्चमध्ये नेशील? एकट्याने जायचं नाही मला." मी नेलं. मी मागच्या बाकावर बसून राहिले. लोक प्रभुभोजनासाठी रांगेने पुढे जात होते. ज्यांना पाव घ्यायचा नसेल त्यांनी हात छातीवर आडवे धरावेत, त्यांना नुसता आशीर्वाद मिळेल, असं रूथने सुरुवातीला सांगितलं होतं. काका उठले आणि रांगेत उभे राहिले. लेकीसमोर आले तेव्हा त्यांचे हात छातीवर होते. रूथने उचललेला तुकडा परत ताटलीत ठेवला. ती ठेंगणी, काका चांगले उंच. ते कमरेतून वाकले, तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. काय म्हणाली ते मला मागे ऐकू आलं नाही. इतरांपेक्षा वेळ जास्त लागला एवढं खरं. मागची रांग खोळंबली होती आणि कोणी कुरकुर केली नाही.

परतताना गाडीत म्हणाले, "साखळी तुटलेली आहे, हे माझं मत कायम आहे." मी म्हटलं, "बरं."

अजूनही कायम आहे. पाव ते अजून घेत नाहीत. पण दर रविवारी मी त्यांना नेते, ते रांगेत उभे राहतात आणि लेकीपुढे डोकं करतात. काकू गेल्यापासून ते फार झपाट्याने खचले आहेत. आता त्यांना मुद्दाम वाकावं लागत नाही.