एकशे बारा घरांचा राजा

कल्पना करा, पहाटे चार वाजता कुणी तुमच्या चेहऱ्यावर पिवळा आणि लाल रंग चढवला, हनुवटीला केतकीच्या पानांच्या धाग्यांची दाढी बांधली, डोक्यावर लाल फुलांनी मढवलेला तीन किलोंचा मुकुट ठेवला. पायांत वाळे, एका हातात झावळीची छत्री, दुसऱ्या हातात पितळी घंटा. आता दिवस मावळेपर्यंत डोंगर चढत-उतरत घरोघर जायचं. नियम दोनच. तोंडातून शब्द काढायचा नाही आणि पाय थांबवायचे नाहीत. कुणाच्या अंगणात उभं राहायचं तर तेही नाचत: हा पाय टेकला की तो उचलायचा. मागे वीस-पंचवीस पोरांचं लटांबर, आणि त्यांचा एकच उद्योग, तुम्हाला बोलतं करणं. "दाढी सुटली बघा!", "धोतर सुटलं!", "मागे कुत्रं, मागे कुत्रं!" तुम्ही किती वेळ टिकाल?

कणारन पणिक्कर चाळीस वर्षं टिकलाय.

आमच्या भागात ओणमच्या दोन दिवशी घरोघर येणाऱ्या या मुक्या राजाला ओणपोट्टन म्हणतात. ज्याच्या घराण्याकडे जी घरं, त्यानेच ती घ्यायची. तेक्केकुन्नू गावाची एकशे बारा घरं कणारनच्या घराण्याकडे आहेत. डोंगरावरची चौसष्ट पहिल्या दिवशी, उत्राडमला. नदीकाठची अठ्ठेचाळीस दुसऱ्या दिवशी, तिरुओणमला.

गंमत अशी, की उरलेलं वर्षभर हा माणूस कुट्ट्याडी–कोळिकोड बसवर कंडक्टर आहे. सगळे त्याला कणारेट्टा म्हणतात, म्हणजे कणारनदादा. कणारेट्टाचं तोंड आणि बसचं इंजिन एकाच वेळी सुरू होतं, आणि आधी बंद पडतं ते इंजिन. कुणाच्या मुलीला बघायला कोण आलं, कुणाची म्हैस किती दूध देते, कुणाचा जावई दुबईहून परत का आला, सगळं त्याच्याकडे. पुढच्या दारातल्या बाईला मागच्या दारातून हाक मारून विचारेल, "काय गं, सासू उठली का अंथरुणातून, की तूच घातलीस तिला?"

"कणारेट्टा, दोन दिवस गप्प कसं राहवतं हो?" कुणीतरी दरवर्षी विचारतंच.

"त्यात काय? बाकीच्या तीनशे त्रेसष्ट दिवसांत आगाऊ बोलून घेतो."

त्याची बायको जानू म्हणते, "बाकीच्या बायका ओणमला नव्या साडीची वाट बघतात. मी या शांततेची बघते." आणि कढईत मासे सोडते. आमच्याकडे ओणमच्या जेवणात मासळी लागतेच. फक्त कणारेट्टाच्या पानात नसते; त्याचं महिनाभर व्रत असतं.

चेहरा रंगवायचं काम त्याच्या थोरल्या भावाचं, चात्तूचं. पूर्वी तोच ओणपोट्टन व्हायचा. खुब्याचं हाड मोडलं आणि मुकुट धाकट्याकडे आला. रंग लावता लावता चात्तू दरवर्षी तीच गोष्ट सांगतो, जणू कणारन पहिल्यांदाच ऐकतोय.

"मावेली, बळीराजा. त्याच्या राज्यात लबाडी नाही, खोटं माप नाही, उच्च-नीच नाही. वामनाने तीन पावलांत सगळं घेतलं. खाली जाताना राजाने एवढंच मागितलं, वर्षातून एकदा माझ्या माणसांना बघून येऊ दे. मिळालं. पण अट पडली, बोलायचं नाही. आणि जमीन तर दिलेलीच, तिच्यावर पाय रोवायचा नाही. देऊन टाकलेल्या जागेत कोण पाय पसरून बसतं? मान वर कर. हलू नकोस."

लोक मात्र राजाशी बोलतात. ओसरीवर समई लावलेली असते, पुढे नव्या भाताच्या तांदळाचं माप, नारळ. राजा त्यातले तांदूळ उचलून घरावर उधळतो, आणि त्या तेवढ्या वेळात माणसं मनातलं सांगून टाकतात. गाय गाभण राहत नाही. मुलगा दारू प्यायला लागलाय. नवरा रात्री रडतो, कारण सांगत नाही. तो उत्तर देणार नाही हे माहीत असतं, म्हणूनच सांगता येतं. आणि हे विशेष आहे: बसमध्ये गावभरची उणीदुणी काढणाऱ्या या माणसाने त्या दोन दिवसांत ऐकलेलं अवाक्षरही कधी बाहेर काढलेलं नाही. मी स्वतः खूप खोदून पाहिलंय. तो शिट्टी वाजवून बस सोडतो.

डोंगरावरचं तेविसावं घर मातुअम्माचं. वय ऐंशीच्या पुढे, डोळे गेलेले. ती राजाला वाळ्यांच्या आवाजावरून ओळखते. दरवर्षी तिचा एकच प्रश्न असायचा: "मावेली, तू सगळीकडे फिरतोस. माझा वत्सन कुठे दिसला का रे?"

वत्सन तिचा मुलगा. लग्नावरून बापाशी भांडला आणि घर सोडून गेला. पुढे बाप वारला, तेव्हा त्याला निरोप उशिरा पोचला. अग्नी पुतण्याने दिला. त्यानंतर सहा वर्षं त्याचा पत्ता नव्हता. कणारेट्टालाही ठाऊक नव्हता, त्यामुळे गप्प राहणं सोपं होतं. नाचायचं, तांदूळ उधळायचे, चोविसाव्या घराकडे वळायचं.

तीन वर्षांपूर्वी ते सोपं राहिलं नाही.

उत्राडमच्या आदल्या दिवशी, सणाआधीच्या शेवटच्या फेरीला, कुट्ट्याडीच्या स्टँडवर एक दाढीवाला चढला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

"अरे वत्सन! दाढीने तोंड झाकलंस, पण कान बापाचेच राहिले की."

"उळ्ळियेरी एक."

"उळ्ळियेरी? तेक्केकुन्नूची जीप तिकडे उभी आहे, आणि तू उळ्ळियेरीला निघालास?"

"हल्ली तिथेच राहतो. दुपारी आलो होतो. चहाच्या दुकानात बसलो दोन तास. चढ चढवेना, कणारेट्टा."

"एवढा गडी तू, आणि तुला चढ..."

"पायांचं नाही हो." वत्सन खिडकीतून आत वळला. "बापाला अग्नी द्यायला नव्हतो. आता सणाचं जेवायला कोणत्या तोंडाने जाऊ? मी आलो होतो हे अम्मेला सांगू नका. शब्द द्या."

"मी कसला सांगतोय? उद्यापासून माझं तोंडच बंद!" कणारेट्टा हसला. वत्सन हसला नाही. तेव्हा कणारेट्टाने तिकिटाचं यंत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, "दिला शब्द. नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी तेविसाव्या घरी मातुअम्माच्या मुलीने, प्रसीताने, समई लावली होती. मातुअम्मा खांबाला टेकून बसलेली. वाळे ऐकून ती सरळ झाली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. पण त्या वर्षी पुढे आणखी थोडं बोलली.

"यंदा डोळ्यांबरोबर कानही जायला लागलेत बाबा. पुढच्या वर्षी तू आल्याचं कळेल की नाही, कोण जाणे. दिसला का कुठे? नुसतं हो की नाही ते कळू दे. तुझ्या राज्यात खोटं नव्हतं म्हणतात."

कणारेट्टाने मला हे पुढे फार दिवसांनी सांगितलं. मातुअम्माचं नव्हे, स्वतःचं. म्हणाला, "मान हलवून नाही म्हटलं असतं, तरी तिला दिसलं नसतं. म्हणजे मी मोकळाच होतो. नेहमीसारखं नाचायचं आणि निघायचं. मापातले तांदूळ उचलले. डावा पाय टेकला. उजवा उचलायचा, तो उचललाच नाही."

वाळे थांबले. घंटा थांबली. मागची पोरंसुद्धा गप्प झाली, कारण असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. प्रसीता सांगते, चार-पाच श्वासांइतका वेळ असेल.

"प्रसीता, गेला का तो?" मातुअम्माने विचारलं.

"नाही अम्मे. समोरच आहे."

"मग वाजत का नाही?"

प्रसीताने पायांकडे पाहिलं. राजा दोन्ही पाय जमिनीला लावून उभा होता. मुठीतले तांदूळ तसेच.

मातुअम्माने हळूच हात जोडले. "बरं," ती म्हणाली. "जा तू. पुढची माणसं खोळंबली असतील."

तांदूळ उडाले, वाळे पुन्हा वाजू लागले. त्या दिवशीची उरलेली एकेचाळीस घरं कणारेट्टाने घेतली. पोरं सांगतात, इतका जोरात नाचताना त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुकुट उतरवल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा, पाय थांबला."

चात्तूच्या हातात रंग पुसायचं फडकं होतं. "किती वेळ?"

"बराच. पाय थांबला तर काय करायचं असतं?"

"इतक्या वर्षांत विचारलं नाहीस, ते आज विचारतोस? पाय थांबला की राजा गेला. मुकुट तिथेच उतरवायचा, घरी येऊन आंघोळ करायची, पुन्हा चेहरा रंगवायचा, आणि मग निघायचं."

"तोवर अंधार झाला असता. एकेचाळीस घरं दिवे लावून बसली होती."

"मी नियम सांगितला. घरांचं मला माहीत नाही."

"दोघं आधी जेवून घ्या," जानू म्हणाली. "राजा गेला असला तरी भात गरम आहे."

तिरुओणमला तो पुन्हा आंघोळ करून, नव्याने चेहरा रंगवून नदीकाठच्या घरांना गेला. त्याच्या परीने तो दिवस स्वच्छ पार पडला.

तिसऱ्या दिवशी बस सुरू झाली. कुट्ट्याडीच्या स्टँडवर प्रसीता आईचा हात धरून चढली. मातुअम्मा डोंगरावरून शेवटची खाली उतरली त्याला चार वर्षं झाली होती. बायकांच्या जागेवर बसून तिने पदराची गाठ सोडली.

"मातुअम्मा! तुम्ही कुठे निघालात?"

"तिकीट दे. दोन."

"कुठली?"

"तू देशील तिथली."

प्रसीता ओशाळली. "अम्मे, असं कसं? गावाचं नाव सांगावं लागतं."

"मला कुणी सांगितलं तर मी सांगणार ना? मला कुणी काही सांगितलेलं नाही. कणारन शब्दाचा पक्का आहे, एका शब्दानं बोलला नाही. मी आंधळी बाई, मला काय कळतंय? त्याने तिकीट द्यावं, आणि जिथलं दिलं तिथे उतरवावं."

बस भरलेली. मागून कुणीतरी ओरडलं, "कणारेट्टा, ओणम संपलं! बोला की आता!" ड्रायव्हरनेही आरशात पाहिलं. कणारेट्टा उभा राहिला, यंत्र हातात घेऊन. मग त्याने दोन बटणं दाबली. दोन तिकिटं बाहेर आली. ती त्याने मातुअम्माच्या तळहातावर ठेवली आणि पुढच्या सीटकडे गेला.

"वाच," मातुअम्मा म्हणाली.

"उळ्ळियेरी," प्रसीताने वाचलं. आणि तिकिटं आईच्या तळहातावर परत ठेवली.

उळ्ळियेरीला तो स्वतः खाली उतरला, म्हातारीला हात दिला. बस सुटेपर्यंत ती स्टँडवरच्या केळीवाल्याला विचारत होती, "मोठ्या कानांचा, उंच माणूस इथे कुठे राहतो का रे?"

नऊ दिवसांनी वत्सन बसमध्ये चढला. बरोबर त्याची बायको, मधल्या सीटवर दोन पोती सामान.

"शब्द दिला होतात, कणारेट्टा."

"मी बोललो का? विचार तुझ्या आईला! एक शब्द जरी..."

"बोलला नाहीत. उभे राहिलात." वत्सनने तिकिटासाठी हात पुढे केला. "ते जास्त झालं."

"कुठलं देऊ?"

"चेष्टा पुरे. कुट्ट्याडी दोन."

मोडलेल्या शब्दाबद्दल कणारेट्टाला फारसं वाईट वाटत नाही. "ती म्हातारी माझ्याकडून शब्द न घेता उत्तर घेऊन गेली, माझा काय दोष?" म्हणतो आणि हसतो. त्याला छळते ती दुसरीच गोष्ट. चोविसाव्या घरापासून चौसष्टाव्या घरापर्यंत काय काय होतं, याचं तो तेव्हापासून टिपण ठेवतोय. एकतिसाव्या घराच्या विहिरीला पाणी लागलं. चाळिसाव्या घरावर फणसाची फांदी पडली, पण पाळणा दोन हात बाजूला होता. बावन्नाव्या घरातली मुलगी नर्स होऊन परदेशी गेली, पण घरातला म्हातारा त्याच आठवड्यात वारला. चात्तूला विचारलं, तर तो म्हणतो, असं तर कुठल्याही घरात होतं. बसमधले लोक हसतात. देवळाच्या पुजाऱ्याने विषय बदलला.

गेल्या रविवारी पेरांब्रा ओलांडल्यावर बस जरा रिकामी झाली, तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला. यंत्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाला,

"तू शिकलेला आहेस, सरळ सांग. त्या दिवशी त्या एकेचाळीस घरांनी आपलं सगळं सांगितलं. मी ऐकलं, तांदूळ उधळले. ते राजाने ऐकलं, की नुसत्या कणारनने?"