बाबांचं 'अगं'

मंगळवार, सकाळ. हजर: बाबा, आई, मी आणि पक्षाघातानंतर बाबांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या मॅडम.

मॅडमनी आईचा फोटो समोर धरला. "काका, या कोण? म्हणा, सुमन." बाबांचे ओठ हलले, शब्द आला नाही. तरी शाबासकी मिळाली आणि पुन्हा तोच फोटो.

मी बीएडच्या वर्गात हेच शिकवते. कुणी म्हणतं, माणूस सरावाने आणि शाबासकीने शिकतो; कुणी म्हणतं, नवं जुन्याला जोडून; कुणी म्हणतं, चार माणसांत वावरून. बाबांच्या शेजारी बसल्यावर मात्र यातलं काहीच सुचेना.

आई हसली. "अहो मॅडम, यांनी उखाण्याशिवाय माझं नाव घेतलंय कधी? एरवी आपलं 'अगं'!"

मॅडमनी लगेच शब्द बदलला. बाबांनी आईकडे पाहिलं, तोंड उघडलं. ओ द्यायला आई पुढे झुकली आणि तशीच थांबून राहिली.

गेलेला शब्द परत कसा शिकवावा, यावर पुस्तकं आहेत. हाकेशिवाय कसं राहावं, हे आईला कोण शिकवणार?

औषधं झाली, व्यायाम झाला. 'अगं' राहिलंय.