थंडीत आखडलेली तार

आल्याच्या चहाचा वास आला की मला झाशीचा रेल्वे दवाखाना आठवतो. माघातली थंडी होती. आमच्या वर्षभराच्या लेकाचं एक वृषण खाली पिशवीत उतरलेलं दिसत नव्हतं. नसेत की स्नायूत दोष असेल, ऑपरेशन लागेल, या धास्तीने आम्ही नवरा-बायको त्याला तिथे घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी आधी चहाचा गरम ग्लास दोन्ही तळव्यांत धरला, हात तापवले, मग हलकेच तपासलं आणि हसले, "लो भैया, उतर आया! नस, मांसपेशी सब ठीक है. ठंड में मांसपेशी ऊपर खींच लेती है, बस." सिग्नलच्या तारा सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली, थंडीत तार आखडते हे मला रोजचंच, पण पोराच्या बाबतीत कुठलं सुचायला! त्या आनंदात डॉक्टरांचा चहा मीच पिऊन टाकला. परवा नातवाला उचलून घेण्याआधी मी कप तळव्यांत धरून बसलो होतो. लेक म्हणाला, "बाबा, चहा गार होतोय." म्हटलं, होऊ दे, हात तापतायत.