मामांचा डावा पाय

सरकारवर इतकं निस्सीम आणि इतकं एकतर्फी प्रेम करणारा माणूस आमच्या हिच्या मामांखेरीज उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. चीनच्या लढाईत त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली बर्फानं खाल्ला आणि डॉक्टरांनी उरलेला कापला. पण मामा ती हकिकत "सरकारनं मले पाय देल्ला" अशीच सुरू करत. कारण लष्करी दवाखान्यानं त्यांना बदली एक लाकडी पाय दिला होता, आणि मामांचा सगळा जीव त्या पायात. धाड या गावातल्या त्यांच्या घरात तो दाराशी, पॉलिश केलेल्या बुटासकट, पाहुण्यांचं स्वागत करायला उभा असे. घरात मामा तो चुकूनही घालत नसत. एका पायावर उड्या मारत विहिरीवर जात, उड्या मारतच बादली आणत, आणि निम्मं पाणी अंगणात सांडलं म्हणून मामी ओरडल्या की सांगत, "सरकारी पाय सरकारी कामाले!" सरकारी काम म्हणजे कचेरी, झेंडावंदन आणि धाडचा आठवडी बाजार.

बाजार हे सरकारी काम कसं, असा प्रश्न मी लग्नानंतर नवा नवा असताना विचारला होता. उत्तरादाखल मामा मला बाजारातच घेऊन गेले. फौजेतून सुटलेला माणूस गावात येतो, वावरात शिरतो आणि आपल्याला कुठं दवाखाना आहे, कशाची पेन्शन आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. म्हणून असले शिपाई हुडकायचं काम त्यांनी, कुणी न सांगता, स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. हुडकायची रीत मात्र अशी की त्या पहिल्या दिवशी मी शरमेनं मिरच्यांच्या पोत्यांआड लपलो. भर बाजारात मधोमध उभं राहून मामा एकदम गरजले, "सावधान!" बायका दचकल्या, एक बैल उधळला, आणि त्या गर्दीत एक म्हातारा हातातली वांगी टाकून ताठ उभा राहिला. मामांनी त्याच्यापुढं जाऊन विचारलं, "नंबर?" त्यानं फौजेतला नंबर घडाघडा म्हटला. मग मामा "विश्राम" म्हणाले, तेव्हा कुठं त्यानं हात सैल सोडले. पुढं मी अशी किती माणसं पाहिली. "विश्राम" म्हटल्याशिवाय एकही जण हलत नसे. "जावाईबापू, लिहा अर्ज!" मामांनी मला हाक मारली. मी शाळामास्तर, अक्षर बरं, त्यात भाचीचा नवरा. सुटका नव्हती.

अर्ज गेला की मामांची स्वारी त्याच्या मागोमाग निघे. पहिल्या एसटीनं बुलढाणा, पिशवीत भाकरी आणि ठेचा, छातीवर बिल्ले. कचेरीतल्या कारकुनाला ते असा कडक सलाम ठोकत की तो बिचारा खुर्चीतून अर्धा उठे, आणि उठलोच आहोत तर म्हणून फाईल शोधायला लागे. अशा सलामांवर त्यांनी कुणाच्या खोकल्याला दवाखान्याची चिठ्ठी मिळवून दिली, कुणाच्या विधवेची पेन्शन सुरू केली. दहा अर्जांतून एखादंच काम होई, पण नऊ नकारांचं दुःख मामांना ठाऊक नव्हतं. "साहेब बदलला की होते," म्हणत. साहेब बदलत राहिले.

एका बाजारी मात्र "सावधान" झालं आणि कांद्यांच्या ढिगाशी धप्पकन आवाज आला. अमडापूरचा एक कांदेवाला बांबूच्या काठीवर उभा होता. हुकूम ऐकताच त्यानं काठी सोडली, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि तो आडवा झाला. त्याचाही डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. कांद्यांत पडल्या पडल्या, हात तसेच मांड्यांना चिकटवून, त्यानं विचारायच्या आतच नंबर म्हटला. कुणी तरी हसलं. मामांच्या तोंडून "विश्राम" यायला त्या दिवशी फार वेळ लागला.

त्याचा पाय काश्मीरच्या पहिल्या लढाईत गेला होता. फौजेतून सुटल्याचा कागदही घरी होता, पण वाचता येण्याजोगा नव्हता. त्याच्या आईचं म्हणणं, दसऱ्याला सुतार करवत पुजतो, वाणी तराजू पुजतो, मग शिपायाच्या घरी काय पुजायचं? बंदूक तर सरकारनं ठेवून घेतली! म्हणून म्हातारीनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि दर दसऱ्याला त्याला तेलाचं बोट, हळद आणि कुंकू वाहिलं. नाव, नंबर, शिक्का, सगळं त्या भक्तीखाली बुडून गेलं. मामांनी कागद उन्हाकडे धरून पाहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "काई हरकत नाई. नंबर तर तुह्या तोंडात हाये."

तोंडातला नंबर सरकारला चालत नव्हता. मी अर्ज केला, उत्तर आलं की मूळ कागद पाठवावा. पाठवला, तो परत आला, सोबत चिठ्ठी की वाचता येत नाही, तरी मूळ कागद पाठवावा. पुढची चार वर्षं मी तेच पत्र निरनिराळ्या शब्दांत लिहीत होतो. शेवटी मामा त्याला घेऊन कचेरीत गेले, मीही बरोबर होतो. कांदेवाल्यानं कारकुनापुढं नंबर म्हटला, पुन्हा म्हटला, मग जरा मोठ्यानं म्हटला. कारकून वाईट नव्हता, त्याला ओशाळल्यासारखं झालं. "बाबा, मी काय करू? कागद पाहिजे," तो म्हणाला. परतताना कांदेवाला एसटीच्या पायरीवरून दोनदा घसरला आणि म्हणाला, "जाऊ द्या मामा. म्या नसीनच गेलो फौजेत."  मामा स्टँडच्या बाकावर बसले आणि आपल्या लाकडी पायाचे पट्टे सोडायला लागले.

कांदेवाला बुटका. मामांनी धाडच्या सुताराकडून पाय दोन बोटं कापून घेतला, चांभाराकडून पट्टे आवळून घेतले. "आता मांगतला तरी माह्या कामाचा नाई," असं खुशीत सांगत ते काखेत कुबड्या घेऊन घरी आले.  मग मी मामांसाठी नव्या पायाचा अर्ज केला. उत्तर आलं: जुना पाय जमा केल्यावर नवा मिळेल. आमची ही म्हणाली, "हरवला म्हणून लिहा ना." मामा कडाडले, "सरकारले खोटं सांगू?" आणि त्यांनी मला सांगून लिहवून घेतलं की सदर पाय अमडापूर येथे ड्युटीवर आहे. त्यावर खुलासा मागवण्यात आला की सरकारी वस्तू परवानगीशिवाय दुसऱ्यास का दिली. तो कागद वाचून मी खूप हसलो होतो. आज माझ्या त्या हसण्याचा मला राग येतो.

कुबड्यांनी काखा सोलल्या. आधी कचेरी सुटली, मग बाजार. दाराशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत मामा खाटेवर पडून राहत आणि मी गेलो की विचारत, "अमडापूरचा कागद आला?" मी नाही म्हणे. "साहेब बदलला असंन," ते म्हणत. दोन पावसाळ्यांनी छातीचं दुखणं आलं आणि मामा गेले. इतक्यांना दवाखान्याच्या चिठ्ठ्या मिळवून देणाऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला आम्ही उशीर केला. दुसऱ्या कुणावर ढकलता येईल असं हे नाही.

तिरडी बांधून झाली तेव्हा कांदेवाला आला. काठीवर, उड्या मारत, आणि बगलेत गोणपाटात गुंडाळलेला पाय. मामींपुढं तो ठेवून म्हणाला, "मामी, मामाले पुरं जाऊ द्या." मामींनी पाय उचलला, बुटावरची धूळ पदरानं पुसली आणि त्याच्याच पुढ्यात ठेवला. "त्यायनं देल्ला तो देल्ला. घाल."

स्मशानात तो चितेसमोर उभा राहिला. त्या गर्दीत फौजेतलं दुसरं कुणी नव्हतं, आणि मामांना कुणी तरी शेवटची मानवंदना देणं भाग होतं. मी जन्मात बंदूक धरलेली नाही. कवायतीच्या तासाचा माझा चिरका आवाज तेवढा होता. त्या आवाजात मी ओरडलो, "सावधान!" कांदेवाल्यानं काठी सोडली. हात मांड्यांना लागले. पडला नाही. दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला आणि ओठातल्या ओठात नंबर म्हणू लागला, ज्याचा वाचता येईल असा कागद आजतागायत आलेला नाही.

चिता पेटली, लोक पांगले. "विश्राम" म्हणायचं होतं, पण ते माझ्याच्यानं म्हणवेना. तो तसाच उभा होता.