माझं बीज आणि साहेबांची भट्टी

"याच्या हातचा नारळ नको," साहेब म्हणाले.

खंडेनवमी होती. नाशिकजवळच्या अंबडला आमच्या कारखान्यात नवी भट्टी बसली होती. लोखंडी भाग लालभडक तापवायचे आणि तेलात बुडवायचे, हे माझं काम. भट्टीवरचा सगळ्यात जुना मी, म्हणून पोरांनी नारळ माझ्या हातात दिला. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो काढून घेतला. सगळ्यांसमोर.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा नाही. नवी भट्टी असल्याच्या हातून सुरू करायची?"

काही जण हसले. माझी बायको पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि गेटबाहेर चालती झाली. मी मात्र तिथंच. पेढे वाटत.

घरी तिनं विचारलं, "तुम्ही काय बोलले त्याला?"

"काय नाय."

तोवर सगळं तिनंच सोसलं होतं. पेठकडच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यावर भगतानं तिच्या पोटाला चटके दिले. नाशकात इंजेक्शनं झाली, पिशवी धुऊन झाली. माझ्या आईनं तिला वांझ म्हटलं. मला तपासा, असं कुणी म्हटलंच नाही. पुरुषाचं काय तपासायचं?

त्या दिवशी ती म्हणाली, "आता तुम्ही चला."

डॉक्टरीणबाईंनी माझे नमुने मुंबईला पाठवले. नंतर दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. दोष बायकोत नाही. बाप होण्यासाठी जे गुणसूत्र लागतं, त्याचा एक तुकडा माझ्यात जन्मापासूनच नाही. त्यामुळे बीज थोडं. मग त्यांनी माझं काम विचारलं. मी सांगितलं. दिवसभर मांड्यांवर भट्टीची धग, तेलाचा धूर, धूर ओढायला पंखा नाही. वर तंबाखू.

"लोखंड गंजतं ना, तसं बीजही आतून खराब होतं," बाई म्हणाल्या. "धग, धूर, तंबाखू, सगळ्यानं. जे थोडं होतं, तेही नासलं."

जन्माचं किती आणि भट्टीचं किती, मी विचारलं. ते वेगळं काढून सांगता येत नाही, म्हणाल्या.

बायको रडली नाही. पदर सारखा केला आणि उठली.

मी साहेबांकडे गेलो. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं, लपवलं नाही. भट्टीवर पंखा बसवा, पोरांना आळीपाळीनं दुसरं काम द्या, म्हटलं. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"जन्मताच खोट आहे ना? मग माझ्या भट्टीवर कशाला ढकलतोस? डोंगरातून आलास तोच तसा आलास."

माझ्या कानात भट्टी पेटली.

"माझं जन्माचं माझ्यापाशी," मी म्हणालो. "तुमच्या भट्टीचं मात्र तुमच्याकडून वसूल करीन."

भट्टीवरच्या पोरांना गोळा केलं. त्यांच्या बायकांनाही. आणखी दोघांच्या घरी लेकरू नव्हतं, लाजेपोटी बोलत नव्हते. माझं ऐकून बोलले. कारखाने तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे आम्ही तक्रार केली. तेव्हा तक्रार मागे घ्यावी म्हणून साहेबांनी मला गेटवर खुर्चीचं, सावलीचं काम देऊ केलं. मी नाही म्हटलं. महिन्याभरात कामावरून काढलं. मी कामगार कोर्टात गेलो.

तिथं त्यांच्या वकिलानं भरल्या कोर्टात विचारलं, दोष तुमच्यातच आहे, हे खरं ना?

"हो. माझ्यात दोष हाय," मी मोठ्यानं म्हणालो. "आता भट्टीचं विचारा."

कुणी हसलं नाही. मला मारायला त्यांच्याकडे ती एकच लाज होती. ती मी माझ्या तोंडानं संपवली. साहेब बाकावर घाम पुसत होते. पंख्याखाली बसून. ते बघताना मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही.

केस अजून चालू आहे. ते तारखा वाढवतात, मी कंटाळेन म्हणून. ज्याच्यामागे पोरंबाळं असतात, त्याला तडजोड करावी लागते. मला नाही. माझ्या धग लागलेल्या अंगात जोवर जीव आहे, तोवर प्रत्येक तारखेला मी त्यांच्या समोर उभा राहणार. माफी मागितली, तरी देणार नाही.