वहिदाचा उजवा तळवा

२०१६चा उन्हाळा. मुकुंदवाडीच्या गल्लीत वहिदा चहा गाळत होती, नवरा फारूख दाढी करत होता, तेवढ्यात कडी वाजली. “भाभी, टँकर आला.” चहा तसाच टाकून तिनं पाइपची गुंडाळी खांद्यावर घेतली.

टँकर आधी नव्या इमारतीच्या हौदात ओतायचा. उरेल ते गल्लीला. त्या दिवशी उरलं अगदीच थोडं. माणसं टँकरवर चढली, केसांना धरून एकमेकांना खाली ओढू लागली. एकीच्या तोंडावर कळशी बसली, दात पडले. वहिदानं पाइप आत सोडला तसा शेजारचा बन्सी गरजला, “नंबर माझा हाय.” त्यानं कोयत्यानं तिचा पाइप तोडला. दुसऱ्या घावाखाली तिचं उजवं मनगट आलं.

वहिदा गुलमंडीच्या बाजारातून माल आणून घरोघर बांगड्या भरायची. बोटांच्या पेरांनी गिऱ्हाइकाचं हाड कुठं नमतं ते ओळखायची. काच सहसा फुटायची नाही. आता अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडाची झाली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मृण्मयीनं तुटलेला मज्जातंतू जोडला. टाके काढताना तिनं समजावलं, “वायरीवर रबर असतं ना, तसं तंतूवर वेष्टण असतं. ते करणाऱ्या पेशी तंतू तुटला की वेष्टणाचं प्रथिन बनवणं थांबवतात, मोडलेलं साफ करतात. मग आईच्या पोटात हात घडताना जी प्रथिनं बनवायच्या, त्यातली काही पुन्हा बनवतात. त्यांच्या आधारानं नवा तंतू सरकतो, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मग पुन्हा वेष्टण.”

“म्हणजे हात तान्हा झाला म्हणा.”

“तसंच समज. आणि विस्तवापासून लांब ठेव.”

बन्सी कोठडीत गेला. त्याची आई सारजाबाई रोज वहिदाच्या उंबऱ्यावर येऊन बसू लागली. गल्लीत कुणाची कंबर धरली की तापल्या विळ्यानं डाग द्यायची ती हीच. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, “लई दिवस निजलाय हात. डाग दिला की उठतोय, पोरी. माझ्या लेकाचं पाप मला फेडू दे.”

“खाला बोल रही तो करके देख,” फारूख म्हणाला.

नवरात्र तोंडावर आलं होतं, बांगड्यांचे दिवस. वहिदानं आपणच हात पुढं केला.

फारूखनं मनगट पाटावर दाबलं. विळ्याचं लाल टोक तर्जनीला टेकलं. कातडी चरचरली, जळक्या मांसाचा वास सुटला. वहिदा नुसती बघत राहिली. मधलं बोटही मुकंच. तिसरा डाग तळव्याच्या मधोमध पडला आणि ती जनावरासारखी ओरडली. तिची लाथ फारूखच्या छातीत बसली.

“उठला बघ,” म्हणत सारजाबाई रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीनं पट्टी सोडली आणि तळवा तपासला. मग म्हणाली, “तळव्यापर्यंत तंतू आपसूकच आला होता. बोटांकडे निघालेला. पुढची वाट तुम्ही भाजून ठेवलीत. आता येईल की नाही, सांगता येत नाही. कुणी केलं हे? पोलिसांना कळवते.”

“पोलीस नकोत, डॉक्टरबाई. सारजाबाई बाहेर बाकावर बसलीय. तिला वाटतंय गुण आला. उद्या ती पुन्हा विळा तापवील. मला सांगितलं तसंच, एकदा तिला सांगा.”