अठ्ठावीस फॉर्म, एकच ठिपका

नकाशावर अठ्ठावीस फॉर्म एकाच ठिपक्यावर बसले होते. महादेवपुऱ्यातल्या भाड्याच्या खोल्यांत पाण्याची काय सोय आहे, याचा आमचा सर्व्हे चालू होता. फॉर्म मोबाइलवर भरायचा, आणि भरतानाची जागा जीपीएस आपोआप नोंदवतो. घरोघर फिरलेल्या माणसाचे ठिपके विखुरलेले दिसतात. हे अठ्ठावीस फॉर्म भरणाऱ्या आमच्या शांताक्कांचे दिसत नव्हते.

बाईंनी एका जागी बसून मनानेच उत्तरं भरलीत, असं मी सर्व्हेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. खात्री करा, मग फॉर्म रद्द करू आणि बाईंनाही कामावरून काढू, असं त्या म्हणाल्या.

शांताक्का मूळच्या निपाणीच्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं. विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, घरात विचारून खरं मिळत नाही की." पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. बनवाबनवी वाटली.

मी बॅक-चेकला गेलो. बॅक-चेक म्हणजे त्याच लोकांना तेच प्रश्न दुसऱ्याने पुन्हा विचारायचे. पहिल्या दारापासून घरमालक सोबत आला, फार अगत्याने. एवढं अगत्य कशाला, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझा सगळा संशय शांताक्कांसाठी राखून ठेवलेला. सहा खोल्या केल्या. सहाही बायकांनी सांगितलं, पाणी रोज येतं. शांताक्कांच्या फॉर्मवर त्याच बायकांकडे ते आठवड्यातून दोनदा येत होतं. चोरी पकडल्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

परतताना कोपऱ्यावर पिण्याच्या पाण्याचे कॅन भरून देणाऱ्या केंद्रापाशी रांग दिसली. सहाव्या खोलीतली बाई तिथे होती. तिनेच मला हटकलं.

"मालकासमोर कशाला विचारलंत? खरं सांगितलं तर खोली खाली करायला लावेल. दोनदाच येतं पाणी. ती अक्का इथं रांगेत विचारते."

मी मोबाइलवर नकाशा उघडला. शांताक्कांच्या ठिपक्यावरच मी उभा होतो. लाज वाटली.

शांताक्कांची नोकरी राहिली, फॉर्मही राहिले. मी माफी मागितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे सर, होतंय असं."

माझे सहा फॉर्म मात्र रद्द करावे लागले. कारण लिहिल्याशिवाय ॲप पुढे जात नाही. मी लिहिलं: घरी जाऊन विचारले.